ओतकामात उष्णतेने वाळूचा साचा आणि कोअर कसे बदलतात : नवोदितांसाठी मार्गदर्शक

फाउंड्रीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला वाळूची चाचणी शिकवली जाते ती थंड वाळूची. ओलावा, परमिॲबिलिटी (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता), दाबताकद, साच्याचा कठीणपणा हे सगळे आकडे धातू ओतण्याआधीचे असतात. कास्टिंगचा पृष्ठभाग मात्र घडतो तो ओतल्यानंतरच्या काही सेकंदांत आणि मिनिटांत, आणि तोवर साच्यातली वाळू चाचणीतल्या वाळूसारखी राहिलेली नसते. तिच्यातले पाणी वाफ होऊन मागे सरकलेले असते, दाणे फुगलेले असतात, बेंटोनाइट (दाणे बांधणारी चिकणमाती) मरू लागलेले असते आणि कोअरमधले, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातले, रेझिन (दाणे बांधणारा राळेसारखा पदार्थ) जळत असते. म्हणूनच सगळे आकडे मर्यादेत असूनही कास्टिंगवर पोपडे, शिरा किंवा छिद्रे येतात. नवखा माणूस अशा वेळी गोंधळतो आणि दोष धातूच्या माथी मारतो. मी या कामात शिकत गेलो तेव्हा सर्वात जास्त उपयोग झाला तो एका सवयीचा : दोष दिसला की आधी विचारायचे, वाळूचा कोणता थर, किती तापमानाला आणि कोणत्या क्षणी हरला असेल. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

विवेचन मुख्यतः सिलिका वाळूचे ग्रीन सँड (बेंटोनाइट आणि पाण्याने बांधलेली, न भाजलेली ओली वाळू) साचे आणि रेझिन किंवा सोडियम सिलिकेटने बांधलेले कोअर यांविषयी आहे. धातू म्हणून बिडाचा विचार धरला आहे आणि पोलाद किंवा ॲल्युमिनियममुळे जिथे चित्र बदलते तिथे तसे नमूद केले आहे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वाळू सुकवणारी ओव्हन आणि अचूक तराजू
- प्रमाणित नमुना ठोकण्याचे यंत्र, ताकद मोजण्याचे यंत्र, परमिॲबिलिटी मीटर, साच्याचा कठीणपणा मापक
- सक्रिय बेंटोनाइट मोजण्यासाठी मिथिलीन ब्ल्यू चाचणीचे साहित्य
- जळून जाणारा भाग मोजण्यासाठी सुमारे १,००० अंशांपर्यंत जाणारी मफल भट्टी
- चाळण्यांचा संच
- के प्रकारची काही थर्मोकपल आणि तापमानाची नोंद ठेवणारे उपकरण
- द्रवधातूचे तापमान घेणारा पायरोमीटर आणि स्टॉपवॉच
- कागदपत्रांत : बेंटोनाइट, कोल डस्ट (कोळशाची पूड) आणि रेझिन यांची चाचणी प्रमाणपत्रे व सुरक्षापत्रके, रोजचा सँड मिक्स तक्ता, ओतण्याच्या तापमानाची व वेळेची नोंदवही आणि दोषांची छायाचित्रांसह नोंद
- सिलिका धुळीसाठी योग्य मास्क, चेहऱ्याचे आवरण, उष्णतारोधक हातमोजे आणि सुरक्षा बूट

१. आधी उष्णतेचा हिशेब मांडा

कोणत्याही कास्टिंगसाठी चार गोष्टी एका कागदावर लिहा : ओतण्याचे तापमान, साचा भरायला लागणारा वेळ, धातूची जास्तीत जास्त जाडी आणि बॉक्समधील वाळूचे धातूशी असलेले वजनी प्रमाण. ॲल्युमिनियम साधारण ७०० अंशांच्या आसपास, करडे बीड १,३५० ते १,४०० अंशांच्या परिसरात आणि पोलाद १,५५० अंशांच्या वर ओतले जाते. म्हणजे एकच वाळू तीन धातूंसाठी तीन वेगळ्या परीक्षा देते.

त्यानंतर ड्रॉइंगवर वाळू जिथे दोन किंवा अधिक बाजूंनी धातूने वेढलेली आहे त्या जागा रंगवा. आतले कोपरे, दोन भिंतींमधली अरुंद वाळू, जाड भागातून जाणारे बारीक कोअर या त्या जागा होत. वाळू उष्णता फार सावकाश पुढे नेते, त्यामुळे अशा ठिकाणी उष्णता बाहेर जाऊ शकत नाही आणि वाळू आरपार तापते. उष्णतेने होणारे दोष बहुधा याच रंगवलेल्या जागी सापडतात.

२. साच्यातले थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

ही पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि म्हणूनच पुढचे सगळे अंदाजाने चालते. एका साध्या, सपाट आणि जाड ठोकळ्याच्या साच्यात धातूच्या पृष्ठभागापासून ५, १०, २० आणि ४० मिलिमीटर अंतरावर थर्मोकपल बसवा. तारा धातूला लागणार नाहीत अशा रीतीने मागच्या बाजूने बाहेर काढा आणि ओतल्यापासूनच्या तापमानाचा आलेख घ्या. प्रत्येक आलेख वर चढतो, १०० अंशांजवळ येऊन काही काळ तसाच आडवा चालतो आणि मग एकदम पुन्हा चढू लागतो. त्या आडव्या भागात त्या ठिकाणचे पाणी वाफ होत असते, आणि पाणी संपल्यावरच तापमान पुढे सरकते. जितके खोल जावे तितका हा आडवा भाग लांब होत जातो.

त्यानंतर तसाच आणखी एक साचा ओता आणि कास्टिंग पूर्ण घट्ट झाल्यावर, पण वाळू आतपर्यंत सुकण्याच्या आधी, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली मागच्या बाजूने वाळू कापून उघडा. धातूला लागून असलेला काही मिलिमीटरचा थर पूर्ण भाजलेला असतो. त्यातली थोडी वाळू थंड करून पाणी घालून चोळली तरी तिला चिकटपणा येत नाही, कारण त्यातले बेंटोनाइट मेलेले असते. त्यामागे काळा, कोरडा, बोटाने सहज भुगा होणारा थर लागतो. त्याच्याही मागे गडद रंगाचा एक ओला पट्टा दिसतो. त्यातली वाळू मुठीत दाबली तर तळवा ओला होतो, मूळ वाळूपेक्षा स्पष्टपणे अधिक. सर्वात मागे न बदललेली वाळू असते. हा ओला पट्टा एकदा पाहिला की चौथ्या पायरीतले सारे विवेचन वाचण्याआधीच अर्धे समजलेले असते.

३. वाळूचे फुगणे समजून घ्या

सिलिका वाळू म्हणजे क्वार्ट्झ. ५७३ अंशांना क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते आणि त्या सुमारास दाणा एकाएकी फुगतो. खोलीच्या तापमानापासून ६०० अंशांपर्यंत मोकळ्या वाळूची लांबी साधारण एक ते दीड टक्क्याने वाढते. ३०० मिलिमीटर लांबीच्या सपाट पृष्ठभागाला म्हणजे तीन ते चार मिलिमीटर जास्तीची जागा हवी असते. बाजूची वाळू थंड आणि ठोकलेली असल्याने ती जागा मिळत नाही, मग तापलेला थर मागच्या वाळूपासून सुटून भिंतीवरच्या गिलाव्याच्या पोपड्यासारखा फुगतो.

सर्वाधिक धोका असतो वरच्या बॉक्समधल्या मोठ्या सपाट पृष्ठभागाला. खालून धातू चढत असतो आणि वरची वाळू धातूचा स्पर्श होण्याआधीच त्यातून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी तापत असते. तिला आधार द्यायला तिथे अजून धातू पोहोचलेला नसतो. म्हणून अशा कास्टिंगसाठी पुढील क्रमाने विचार करावा.

पहिला उपाय गेटिंगचा, म्हणजे धातू साच्यात नेणाऱ्या वाटांचा आहे : साचा लवकर भरावा आणि शक्य असल्यास थोडा तिरपा ठेवून ओतावा, म्हणजे वरचा पृष्ठभाग टप्प्याटप्प्याने झाकला जातो. दुसरा उपाय वाळूच्या दाण्यांचा. सगळे दाणे एकाच चाळणीवर थांबणारी वाळू एकदम फुगते, तर तीन-चार लगतच्या चाळण्यांवर विभागलेली वाळू हा ताण अधिक चांगला सोसते. तिसरा उपाय जळून जागा करून देणाऱ्या पदार्थांचा, जसे कोल डस्ट किंवा लाकडाचा भुसा. वाळूच बदलणे हा सर्वात शेवटचा आणि महागडा उपाय. झिरकॉनचे फुगणे सिलिकाच्या तुलनेत फारच कमी, क्रोमाइटचेही बरेच कमी, आणि ऑलिव्हिन फुगते तरी एकसारखे फुगते, मध्येच उसळी घेत नाही.

इथे एक सापळा आहे. पोपडा आला की साचा अधिक जोरात ठोकण्याची सूचना हमखास येते. अति घट्ट ठोकलेल्या वाळूत दाण्यांना सरकायला जागाच उरत नाही आणि त्रास वाढतो. उलट ढिल्या साच्याची भिंत धातूच्या दाबाने मागे सरते, कास्टिंग फुगते आणि आत आकुंचनाची पोकळी राहते. एसजी आयर्नमध्ये (गोळ्यांच्या रूपातले ग्रॅफाइट असलेल्या बिडात) घट्ट होताना ग्रॅफाइटच्या वाढीचा दाब येतो, म्हणून तिथे हे अधिक जाणवते. कठीणपणा एका जागी मोजून थांबू नका. कोपऱ्यात, मध्यभागी आणि पॅटर्नच्या (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याच्या) उभ्या भिंतीलगत तो सारखा आहे का, हे पाहा.

४. पाणी आणि बेंटोनाइट यांच्यावर लक्ष ठेवा

पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान १०० अंशांना सुमारे १,६०० पट होते. ही वाफ धातूकडे जाऊ शकत नाही, ती मागच्या थंड वाळूत शिरते आणि तिथे पुन्हा पाणी होते. दुसऱ्या पायरीत दिसलेला ओला पट्टा तो हाच. त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास असते आणि ओलावा मूळ वाळूहून जास्त असतो, त्यामुळे साच्याची सर्वात कमकुवत जागा हीच ठरते. पुढचा थर फुगून बाहेर येऊ पाहतो आणि त्याला धरून ठेवण्याची जबाबदारी या दुबळ्या पट्ट्यावर येते. तो तुटला की थर लोंबकळतो, त्याच्या मागे धातू शिरतो आणि स्कॅब तयार होतो.

स्कॅब ओळखायचा असेल तर छिन्नीने तो उचकटून पाहा. वर धातूचा खडबडीत पापुद्रा, त्याखाली वाळूचा पातळ थर आणि त्याखाली कास्टिंगचा खरा पृष्ठभाग असा क्रम मिळाला तर तो फुगण्याचा स्कॅब आहे. पापुद्र्याखाली वाळू नसेल आणि जागा गेटजवळ असेल, तर बहुधा धातूच्या प्रवाहाने वाळू धुऊन नेली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने हा भेद करूनच पुढे जावे.

ओल्या पट्ट्याची ताकद बेंटोनाइटच्या जातीवर फार अवलंबून असते. सोडियम बेंटोनाइट गरम आणि ओल्या स्थितीत कॅल्शियम बेंटोनाइटपेक्षा जास्त तग धरते. सोडा ॲशने सक्रिय केलेले कॅल्शियम बेंटोनाइट त्याच्या जवळ जाते, मात्र सक्रियता कमी पडली असेल तर फरक थंड चाचणीत दिसत नाही. वेट टेन्साइल चाचणी नेमका हाच थर तपासते. ती सोय नसेल तर प्रत्येक नव्या मालाबरोबर पुरवठादाराकडून तिचा आकडा अवश्य मागा.

उष्णतेने बेंटोनाइटमधले दोन प्रकारचे पाणी जाते. मोकळे पाणी गेले तर पुन्हा ओले करून, नीट घोटून चिकटपणा परत येतो. साधारण ५५० ते ७०० अंशांच्या दरम्यान, जातीनुसार, रचनेतलेच पाणी निघून जाते आणि ते बेंटोनाइट कायमचे निकामी होते. असे मृत बेंटोनाइट दाण्यांभोवती थर धरून बसते, पाणी पिते पण चिकटत नाही. म्हणून एकूण चिकणमाती मोजून समाधान मानू नये. मिथिलीन ब्ल्यू चाचणीने सक्रिय भाग किती उरला ते पाहावे आणि नवे बेंटोनाइट त्या हिशेबाने टाकावे.

५. वायू आणि कोल डस्ट

कोल डस्ट साधारण ४०० अंशांच्या परिसरात मऊ पडते, वायू सोडते आणि त्या वायूतून दाण्यांवर चकचकीत कार्बनचा पातळ थर बसतो. हा थर आणि साच्यातली ऑक्सिजन कमी असलेली हवा यांमुळे वितळलेले बीड वाळूला भिजवत नाही आणि कास्टिंग सोलून काढल्यासारखे स्वच्छ निघते. मात्र प्रमाण वाढवले की वायू वाढतो, ओलाव्याची गरज वाढते आणि ब्लोहोल (वायूची छिद्रे) येतात. जळून जाणाऱ्या भागाचा आकडा हळूहळू वर चढत असेल तर कोल डस्टचा डोस आधी कमी करावा. पोलादासाठी कोल डस्ट वापरू नये, पृष्ठभागात कार्बन शिरतो.

६. कोअरचा विचार साच्यापासून वेगळा करा

कोअर बहुतेक सर्व बाजूंनी धातूने वेढलेला असतो, त्यामुळे त्याला उष्णता बाहेर टाकायची सोय जवळजवळ नसते. त्याच्याकडून अपेक्षाही परस्परविरोधी असतात. धातू घट्ट होईपर्यंत त्याने आकार सोडू नये आणि घट्ट झाल्यावर मात्र लवकर भुगा व्हावे.

पहिल्या क्षणी कोअरवर येतो तो वर उचलणारा जोर. वाळूची घनता बिडाच्या घनतेच्या पाव भागापेक्षाही कमी असल्याने पूर्ण बुडालेल्या कोअरला त्याच्या वजनाच्या तिपटीहून अधिक जोर वर ढकलतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरचा थर तापून बाइंडर (वाळू बांधणारा पदार्थ) दुबळा होत असतो. लांब आणि बारीक कोअर यामुळे वाकतात. चॅप्लेट (कोअरला टेकू देणारा धातूचा तुकडा), सळई किंवा मोठे प्रिंट (साच्यात बसणारे कोअरचे टोक) यांचा निर्णय थंड कोअरच्या ताकदीवरून घेऊ नये.

दुसरा प्रश्न शिरांचा, म्हणजे व्हेनिंगचा. कोअरच्या बाहेरचा थर फुगतो, आतला भाग थंडच राहतो, पृष्ठभागाला तडे जातात आणि त्यांत धातू शिरून कास्टिंगच्या आत पातळ, उभ्या पात्या उमटतात. पाण्याच्या किंवा तेलाच्या मार्गात अशी पाती राहिली तर ती काढायला हात पोहोचत नाही, आणि तुटून पुढे गेली तर यंत्राचे नुकसान होते. कोल्ड बॉक्स (रेझिन न तापवता वायूने घट्ट केलेल्या) कोअरमध्ये हा त्रास जास्त दिसतो. उपायांत आयर्न ऑक्साइड किंवा व्हेनिंगविरोधी पूड मिसळणे, काही भाग रीक्लेम्ड (वापरून पुन्हा स्वच्छ केलेली) वाळू वापरणे, आणि केवळ रंगवलेल्या गरम जागांपुरते क्रोमाइट घालणे हे येतात. रीक्लेम्ड वाळूचा फायदा बरेच जण विसरतात. एकदा तापून निघालेली वाळू नव्या वाळूपेक्षा कमी त्रास देते, फक्त तिचा जळून जाणारा भाग आणि धूळ मर्यादेत हवी.

तिसरा प्रश्न वायूचा. रेझिन साधारण ३०० ते ५०० अंशांत वेगाने विघटित होते आणि सगळा वायू एका लहानशा आकारमानातून बाहेर पडू पाहतो. वाट मिळाली नाही तर तो धातूत बुडबुडा सोडतो. कोअरच्या मध्यातून प्रिंटपर्यंत आणि प्रिंटपासून साच्याबाहेरपर्यंत व्हेंट सलग असला पाहिजे. अनेकदा कोअरमध्ये भोक असते, पण प्रिंटच्या जागी ते वाळूने, कोअर पेस्टने किंवा आत शिरलेल्या धातूने बंद झालेले असते. साचा बंद करण्यापूर्वी बारीक तार घालून मार्ग मोकळा असल्याची खात्री करावी. बाइंडरचे प्रमाण हातात कोअर तुटू नये एवढ्यापुरते ठेवावे. भीतीपोटी वाढवलेला प्रत्येक भाग वायू होऊनच बाहेर येतो. युरिया असलेल्या रेझिनमधला नायट्रोजन बिडात आणि पोलादात बारीक भेगांसारखी छिद्रे करतो, हेही लक्षात असू द्यावे.

चौथा प्रश्न कोसळण्याचा. बीड आणि पोलाद यांच्या उष्णतेने रेझिन जळून जाते आणि कोअर सहज निघतो. ॲल्युमिनियममध्ये तेवढी उष्णताच नसते, म्हणून तिथे कमी बाइंडर किंवा कमी तापमानाला मोडणारे बाइंडर निवडावे लागते. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेले कोअर याच्या उलट वागतात. ८०० अंशांच्या सुमारास सिलिकेट वितळून दाण्यांना काचेसारखे जोडते आणि थंड झाल्यावर छिन्नीलाही दाद देत नाही. साखर किंवा डेक्स्ट्रिनसारखे जळणारे पदार्थ मिसळून आणि सिलिकेटचे प्रमाण कमी ठेवून यावर मात करतात. कोअर वेळेवर कोसळला नाही तर आकुंचन पावणाऱ्या धातूला तो अडवतो आणि आतल्या कोपऱ्यात गरम भेग पडते.

७. चिकटलेली वाळू नीट ओळखा

कास्टिंगला वाळू चिकटण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. ऑक्सिडाइज झालेल्या लोखंडाचा सिलिकाशी संयोग होऊन सुमारे १,२०५ अंशांना वितळणारे फायालाइट बनते आणि काचेसारखे पुट धरते. दुसऱ्या प्रकारात धातू दाबाने दाण्यांमध्ये शिरतो. घासून पाहा : चमकणारे धातूचे जाळे दिसले तर तो शिरकाव आहे, आणि तिथे बारीक वाळू, एकसारखे ठोकणे, कमी ओतण्याचे तापमान आणि वॉश (साच्यावर किंवा कोअरवर लावायचा लेप) उपयोगी पडतात. धातूचे जाळे नसेल तर कोल डस्टचे प्रमाण आणि वाळूची शुद्धता तपासावी. पोलादासाठी झिरकॉनचा वॉश वापरतात. कोणताही वॉश पूर्ण सुकलाच पाहिजे, कारण अर्धवट सुकलेला वॉश स्वतःच वायूचा स्रोत होतो.

८. परत येणारी वाळू थंड झाल्याशिवाय वापरू नका

नॉकआउटनंतरची (कास्टिंग साच्यातून मोकळे केल्यावरची) वाळू ५० अंशांच्या वर असताना मिक्सरमध्ये गेली की बेंटोनाइट नीट भिजत नाही, मिक्सरमध्ये मोजलेला ओलावा साचा बनेपर्यंत टिकत नाही आणि वाफ थंड पॅटर्नवर जमून वाळू त्याला चिकटते. वाळू थंड करण्याचा सर्वात प्रभावी मार्ग म्हणजे पाणी शिंपडून हवेच्या झोतात बाष्पीभवन होऊ देणे. वाळूच्या वजनाच्या एक टक्का पाणी उडून गेले तर तापमान साधारण २५ अंशांनी उतरते. नुसते पाणी टाकून हवा दिली नाही, तर मात्र गरम आणि ओली वाळू हाती येते.

९. चाचणी घेताना एका वेळी एकच बदल करा

दोषाची जागा, कास्टिंगमधली दिशा आणि ओतण्याची वेळ लिहून घ्या. पाळीच्या शेवटी दोष वाढत असेल तर गरम वाळूकडे पाहा, साच्यातल्या एकाच कॅव्हिटीत (पोकळीत) येत असेल तर व्हेंट आणि ठोकण्याकडे, आणि नव्या मालाच्या तारखेपासून सुरू झाला असेल तर बेंटोनाइट किंवा रेझिनकडे. त्यानंतर एकच गोष्ट बदलून काही साचे ओता आणि त्याच लॅडलमधून (धातू ओतण्याच्या भांड्यातून) जुन्या पद्धतीचेही काही साचे ओतून ठेवा, म्हणजे धातूचा फरक मध्ये येणार नाही. दोन्ही गटांवर खूण करा आणि मशिनिंग पूर्ण होईपर्यंत निष्कर्ष लिहू नका, कारण कोअरच्या वायूने झालेली छिद्रे बहुतेक वेळा पृष्ठभागाखाली असतात आणि पहिला कट घेतल्यावरच उघडी पडतात.